रिद्धपूर, नागपूर आणि तालुक्याचा दवाखाना

मामांचं म्हणणं असं, की डोक्यानं बिघडलेली माणसं पूर्वीही होती, पण ती गावात राहत. आता ती दवाखान्यात राहतात. भाचीचं म्हणणं असं, की ती गावात राहत हे खरं, पण कशी राहत हे कोणी लिहून ठेवलं नाही.

मामा अमरावतीचे निवृत्त शिक्षक. दर्यापूर तालुक्यातल्या खारपाणपट्ट्यात त्यांची कोरडवाहू शेती आहे. ऐंशीच्या दशकात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेत त्यांनी उमेदीची वर्षं घातली. भाची अकोल्यात मानसोपचारतज्ज्ञ आहे. वर्गात प्रमाण मराठी आणि घरात वऱ्हाडी ही मामांची जुनी रीत, ती मी इथं मोडलेली नाही. दोघंही हट्टी आहेत. तरी हा वाद मला लिहून काढावासा वाटला, कारण आपल्या भागात मनाच्या आजाराचा प्रश्न नेमका या दोन म्हणण्यांच्या मधे अडकून पडला आहे.

मामा : रिद्धपूरचं पाह्य. आपल्याच जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात. तेराव्या शतकात तिथं गोविंदप्रभू राहत. म्हाइंभटांनी त्यांचं चरित्र लिहून ठेवलं. कोणाच्याही घरात शिरत, वाटलं ते मागून खात, मधेच हसत, मधेच रागावत. लोक त्यांले वेडे म्हणत आणि त्याच तोंडानं मायही म्हणत. अख्ख्या गावानं सांभाळलं त्यांले. तुझ्या ओपीडीत आणलं असतं तं काय केलं असतं तू?

भाची : काहीच नाही. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं आज निदान करणं मला मान्य नाही, आणि ज्यांना महानुभाव पंथाचे लोक परमेश्वराचा अवतार मानतात त्यांचं तर मुळीच नाही. पण तुम्ही उदाहरण गावाचं दिलं, म्हणून गावाबद्दल विचारते. ज्याच्यात देव दिसला त्याला घास मिळाला. ज्याच्यात दिसला नाही त्याचं काय? बाळंतपणानंतर बिघडली म्हणून माहेरी आणून टाकलेल्या बाईचं चरित्र कोणत्या म्हाइंभटांनी लिहिलं? गोठ्यात जनावराशेजारी बांधलेल्या पोराचं?

मामा : बांधत, हे मी नाकारत नाही. पण आपल्या डोळ्यासमोर बांधत. इंग्रजानं काय केलं? डोळ्याआड बांधलं.

इथं मामांच्या बाजूनं इतिहास आहे. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८५८ मध्ये वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला आणि १८६४ मध्ये नागपूरचं मनोरुग्णालय सुरू झालं. रत्नागिरी, ठाणे, येरवडा ही आजची इतर प्रादेशिक मनोरुग्णालयं त्यानंतरची. आजही अमरावती-अकोल्याचा अवघड रुग्ण अखेर नागपूरलाच जातो. अमरावतीहून ते दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. त्या काळात तिथं माणूस जायचा तो पोलीस आणि मॅजिस्ट्रेट यांच्या हातून. रस्त्यावर फिरताना सापडला, धोकादायक वाटला, की कागद तयार होई. वेडाचं कारण काय, हा रकानाही बहुतेक वेळा तोच कागद भरून देई. सरकारनं १८९३-९४ मध्ये गांजाच्या चौकशीसाठी आयोग नेमला, तेव्हा त्यानं देशभरच्या वेड्यांच्या इस्पितळांची रजिस्टरं तपासली. कित्येकांपुढे ‘गांजा’ हे कारण कसलीही खातरजमा न करता लिहिलेलं निघालं. पोलिसानं लिहिलं, डॉक्टरनं उतरवलं, आणि तेच पुढे वर्षानुवर्षं आकडेवारी म्हणून छापलं गेलं.

भाची : मला या गोष्टीची लाज वाटते, कारण ही चूक माझ्या पेशाची आहे. पण मामाजी, रकाना चुकीचा भरला गेला हे शोधलं कोणी? पुन्हा जाऊन चौकशी केली, नातेवाइकांना विचारलं, म्हणून ते कळलं. देव्हाऱ्यापुढे अंगात आलेल्या माणसानं दिलेलं कारण कोणी फिरून तपासत नाही.

मामा : तपासून काय उपयोग झाला? आमच्या वर्गातला एक जण होता. गणितात माझ्या पुढं. मॅट्रिकनंतर त्याले आवाज ऐकू यायले लागले, चुलता विष घालते म्हणे. घरच्यांनी अंगारे केले, धुपारे केले, मंग एका मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. हात मागं बांधून शकुंतला रेल्वेत बसवला, मूर्तिजापूरपर्यंत मी सोबत होतो. गाडी अशी हळू चाले की डब्यातले सगळे लोक त्याले नीट पाहून घेत. तिथं त्याले शॉक दिले. बिनाभूल. चार माणसं धरत होती, असं तो मले नंतर सांगे. परत आला तं शांत होता, पण त्यानं पुन्हा पाटीवर गणित सोडवलं नाही. तू मले सांगू नको की ते सुधारणा होती.

भाची : बिनाभूल शॉक चूक होते. आज ते बेकायदा आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ९५ व्या कलमात स्पष्ट लिहिलंय, भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायचा नाही. कोणालाही कसल्याही प्रकारे साखळीनं बांधायचं नाही, हेही त्याच कलमात. पण शॉक म्हणजे शिक्षा, हे तुमच्या मनातून जाऊ द्या. १९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी तो सुरू केला, तेव्हा या रोगांवर हाताशी जवळजवळ काहीच नव्हतं. आज मी देते तेव्हा माणूस उपाशीपोटी येतो. शिरेतून भूल दिली की काही क्षणांत झोपतो. दातांमध्ये आम्ही रबराचा तुकडा ठेवतो. वीज जाते ती काही सेकंद. अंग उडत नाही, पायाचा अंगठा थोडा थरथरतो, तेवढ्यावरून आम्हाला कळतं. थोड्या वेळानं जागा होतो आणि चहा मागतो. काहींना मधल्या दिवसांतलं आठवत नाही, ते मी आधीच सांगते. पण जी बाई तीन आठवडे जेवली नाही, पाणीही थुंकते, मला मरायचंय एवढंच म्हणते, ती चौथ्या-पाचव्या वेळेनंतर लेकराचं नाव घेते. हे मी पाहिलंय.

मामा : आणि माझा वर्गमित्र?

भाची : तुमच्या वर्गमित्राचं गणित शॉकनं गेलं, की आजारानं गेलं, की उशिरा पोचल्यानं, हे मला आज सांगता येणार नाही. या आजारात पहिली दोन-तीन वर्षं फार महत्त्वाची असतात. ती अंगाऱ्या-धुपाऱ्यांत गेली.

मामा यावर बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी औषधांचा विषय काढला, आणि तिथं मात्र त्यांना आवाज चढवायला जागा मिळाली.

मामा : तुमची औषधं तरी कुठली? सर्पगंधा आपली. वैद्य लोक तिचं मूळ उगाळून देत, म्हणून तिले काही भागात पागलबूटीच म्हणत.

भाची : शंभर टक्के आपली. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनी १९३१ मध्ये लिहिलं, की या मुळानं रक्तदाब उतरतो आणि उन्मादाचा रोगी शांत होतो. पुढे वीस वर्षं जगानं लक्ष दिलं नाही. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं त्यातून रेसर्पिन वेगळं काढलं आणि दोन वर्षांत अमेरिकेतली मनोरुग्णालयं ते वापरू लागली. त्याच १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनचा गुण दिसला. त्याआधी १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी लिथियम वापरून पाहिलं होतं. म्हणजे पाचेक वर्षांत तीन दारं उघडली, त्यातलं एक आपल्या वैद्यांनी दाखवलेलं. पण पुढचंही ऐका. रेसर्पिननं रक्तदाब फार खाली जाई, काही जण खिन्न होत, म्हणून ते मागं पडलं. आपलं असो की परकं, तोलून-मापून पाहिल्याशिवाय मी देणार नाही.

मामा : तोलून-मापून देऊनही माणसं लाकडासारखी होते. लाळ गळते, हात थरथरते, तोंडावर माशी बसली तं उठत नाही.

भाची : होतं तसं. जुन्या औषधांनी जास्त होतं, नव्यांनी वजन आणि साखर वाढते. म्हणून तर डॉक्टर जवळ पाहिजे. लिथियमचंच घ्या. त्याची रक्तातली मात्रा थोडी कमी झाली तर उपयोग नाही, थोडी वाढली तर विषबाधा. आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. वावरात राबणाऱ्या माणसाचं पाणी आणि मीठ घामावाटे गेलं, की तीच गोळी, तीच मात्रा, आणि रक्तातलं लिथियम चढतं. हात जोरात थरथरायला लागतात, जुलाब होतात, बोलणं अडखळतं. घरचे म्हणतात, ऊन लागलं. म्हणून एप्रिल लागला की मी लिथियमच्या प्रत्येक पेशंटला सांगते, पाणी भरपूर, मीठ एकदम तोडायचं नाही, आणि असं काही वाटलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी या. आता डॉक्टर फक्त नागपूरलाच असेल, तर तो माणूस अडीचशे किलोमीटरवर त्याच दिवशी कसा जाईल?

मला वाटतं, या वादातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. औषधानं भिंतींची गरज कमी केली. पण ते औषध भिंतींच्या आतच मिळत राहिलं, तर रोग्याच्या वाट्याला पुन्हा तोच प्रवास येतो. एकदा बरा होऊन आलेला माणूस गोळ्या संपल्या म्हणून, बसचं भाडं नाही म्हणून, सोबत यायला कोणी नाही म्हणून सहा महिन्यांत पुन्हा बिघडतो. मग गाव म्हणतं, पाहा, औषधानं काही होत नाही.

मामा : म्हणजे माझंच आलं. गावाशिवाय जमत नाही.

भाची : मी कधी म्हटलं जमतं म्हणून? अमृतसरच्या मनोरुग्णालयात पन्नाशीच्या दशकात डॉ. विद्यासागर होते. जागा कमी, माणसं कमी. त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि रोग्यासोबत घरच्यांना तिथंच राहायला बोलावलं. आई स्वयंपाक करायची, गोळी द्यायची, डॉक्टर बोलतात ते ऐकायची. माणूस लवकर घरी जाऊ लागला. आणि जागतिक आरोग्य संघटनेनं साठच्या दशकाच्या शेवटी स्किझोफ्रेनियाचा मोठा अभ्यास केला, त्यात आपलं आग्रा होतं. श्रीमंत देशांपेक्षा आग्र्याच्या रुग्णांचं पुढं बरं चाललं होतं. सगळ्यांनी आश्चर्यानं बोटं तोंडात घातली.

मामा : आश्चर्य कायचं त्यात? आपल्याकडे त्याले बैल चारायचं काम तरी देते. तिकडं नोकरी गेली की माणूस गेला.

भाची : तेच एक कारण सांगतात. पण त्या अभ्यासावरून लोक सोयीचा अर्थ काढतात, की आपल्याला औषधाची गरज नाही. ते रुग्ण दवाखान्यापर्यंत आलेले होते, मामाजी. जे आलेच नाहीत, ते कोणाच्या मोजणीत नाहीत.

मामांनी मग सैलानीचा विषय काढला. बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीला तिथं नारळांची मोठी होळी पेटते आणि राज्याबाहेरूनही लोक येतात, हिंदू-मुसलमान सगळे. त्यात मनाचे रोगी पुष्कळ. मामा आपल्या एका नातेवाइकाला घेऊन तिथं राहिलेले आहेत.

मामा : तिथं कोणी विचारत नाही की हा असा काहून करते. शेजारच्या पालात तसाच एक असते. त्याची माय आणि आपली माय दोघी बसून रडते. तुझ्या दवाखान्याच्या बाकावर कोणी कोणाशी बोलत नाही.

भाची : हे तुमचं खरं आहे, आणि ते मला बोचतं. पण तिथल्या साखळ्याही तुम्ही पाहिल्यात. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एर्वाडीला दर्ग्याच्या आसऱ्यानं चाललेल्या एका आश्रमाला आग लागली. साखळीनं बांधलेली माणसं पळू शकली नाहीत. अठ्ठावीस गेली. २०१३ चा आपल्या राज्याचा जादूटोणाविरोधी कायदा भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणाऱ्याला, बांधून ठेवणाऱ्याला गुन्हेगार ठरवतो. माणसानं दर्ग्यावर जावं, माझी ना नाही. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यावर मुजावर आणि डॉक्टर मिळून काम करतात. दुवाही घे, दवाही घे. मुजावरच रोग्याला सांगतो, आधी त्या खोलीत जाऊन ये. सैलानीला होळीच्या आठवड्यात तसं टेबल मांडायला मी स्वतः जाईन.

मामा : मांड. पण डॉक्टरचा कोट घालून जाऊ नको.

इतका वेळ दोघं एकमेकांना थोडंथोडं देत-घेत होते. शेतकरी आत्महत्यांचा विषय निघाला तेव्हा ते थांबलं. मामांनी संघटनेत काम केलं आहे. त्यांच्या ओळखीची माणसं गेली आहेत.

मामा : शेतकऱ्याले पेशंट करू नका. मी हात जोडून सांगतो. कापसाले भाव नाही, पाऊस दगा देते, बँकेचा माणूस दारात. अशा माणसाले जर शांत झोप लागली, तं त्याले आजारी म्हणा! २००६ मध्ये पंतप्रधान आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी जाहीर झाले, दुभत्या गाईही वाटल्या. चाऱ्याचे वांधे असलेल्या घरी गाय! आणि आता म्हणे समुपदेशन. उद्या सरकार म्हणीन, भाव कायले पाहिजे, गोळी घ्या.

भाची : सरकार तसं म्हणालं तर मी तुमच्यासोबत मोर्चात येईन. पण मला हे सांगा, क्षयरोग गरिबीतून होतो ना? कोंदट घर, अर्धं पोट. म्हणून गरिबी जाईपर्यंत क्षयाची गोळी थांबवायची का?

मामा : क्षयाचा जंतू दिसते. याचा काय दिसते?

भाची : नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक कशी होती, कामात मन लागतं का, स्वतःबद्दल काय वाटतं, मरून जावं असं मनात येतं का. ‘तुम्हाला डिप्रेशन आहे का’ असं विचारलं तर वऱ्हाडात कोणी हो म्हणत नाही. ‘जिवाले करमते का’ विचारलं, की माणूस खाली पाहतो. याच अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचं काम झालं. डॉक्टर नाही, गावातलीच माणसं शिकवून तयार केली. ती दारोदार गेली, बसली, ऐकलं, आणि गरज असेल त्यालाच पुढं डॉक्टरकडे पाठवलं. आधी खिन्नतेचा आजार असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण उपचारापर्यंत पोचत होते, ४.३ टक्के. दीड वर्षानं ते २७.२ टक्के झाले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ वर आलं. ‘लॅन्सेट सायकायट्री’मध्ये २०१७ ला छापून आलंय. ही आधीची आणि नंतरची तुलना आहे, सगळं श्रेय मी त्या कामाला देणार नाही. पण कापसाचा भाव त्या दीड वर्षात काही दुप्पट झाला नव्हता.

मामा : म्हणजे विचारणारं माणूस गावातलंच होतं.

भाची : गावातलंच. आणि अजून एक. त्या क्षणी हातापाशी काय आहे, यावर पुष्कळ अवलंबून असतं. खूप जणांचा तो विचार काही तासांत ओसरतो. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकं एकेक करून बंद केली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथल्या आत्महत्या सुमारे सत्तर टक्क्यांनी कमी झाल्या. कर्ज तिथंही होतं. फवारणीच्या बाटल्या घरात न ठेवता कुलपात, घरापासून दूर ठेवा, एवढं सांगायलाही मी गावोगाव जायला तयार आहे.

मामा : ते पटते मले. माझ्या वखारीले आज कुलूप लावतो. पण तू माझं एक लिहून घे. माणूस मेला की आधी चौकशी होते, कर्ज होतं का, सातबारा होता का, पात्र की अपात्र. तो जिवंत असताना कोणी दारात येत नाही.

यात मामांचा शब्दही खोडता येत नाही. जो वाचला त्याच्यावर पूर्वी गुन्हा दाखल होई, भारतीय दंड संहितेचं ३०९ वं कलम. २०१७ च्या कायद्याच्या ११५ व्या कलमानं हे उलटं केलं. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते ३०९ कलम राहिलंच नाही. पोलिसाच्या कागदावरून डॉक्टरच्या कागदावर यायला मनाच्या आजाराला दीडशेहून जास्त वर्षं लागली. कागद बदलला, हे लहान काम नाही. सरकारचं काम मात्र अजून पुष्कळ बाकी आहे. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. माझ्या माहितीतल्या किती घरांच्या भिंतीवर तो लिहिलेला आहे, हे मी मनात मोजून पाहिलं आणि मला वाईट वाटलं.

भाची : तालुक्याच्या दवाखान्यात आमची मानसिक आरोग्याची ओपीडी ठरलेल्या दिवशी असते. माणसं येत नाहीत. आली तर तोंडाला रुमाल बांधून.

मामा : कोणत्या दिवशी ठेवता?

भाची : डॉक्टर मोकळे असतील त्या दिवशी.

मामा : इथंच चुकते तुमचं. बाजाराच्या दिवशी ठेवा. त्या दिवशी अख्खा तालुका शहरात येते. कोणी विचारलं कुठं चालला, तं माणूस म्हणते बाजाराले. पिशवीत भाजी, खाली गोळ्या. बायकोलेही सोबत नेता येते, कोणाले संशय नाही. आडदिवशी एकटा माणूस बसमध्ये बसला की गाव विचारते, काय झालं गा?

भाची काही बोलली नाही. तिनं पर्समधून पेन काढलं.

भाची : अर्ज कोणाच्या नावानं करायचा ते मी सांगते. जिल्हा शल्यचिकित्सक. लिहा तुम्ही, तुमचं अक्षर चांगलं आहे.

मामा : विषय काय टाकू?

भाची : मानसिक आरोग्य ओपीडीचा वार बदलण्याबाबत.

मामा : आणि खाली कापसाच्या भावाचंही एक वाक्य टाकतो.

भाची : टाका. सही मी पण करते.